सांगोल्याच्या बांधावरची बोर

पंढरपूर सोडलं की उसाचे फड हळूहळू मागे पडतात आणि माणदेशाची उघडी रानं सुरू होतात. संक्रांत चार दिवसांवर होती. भाचीच्या बोरन्हाणासाठी बोरं न्यायची हे निमित्त. खरं तर मला सांगोल्याकडची कोरडवाहू बोरीची बाग बघायची होती. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा तालुका, पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर.

ओळखीच्या ओळखीतून ज्यांच्या रानात गेलो, ते मामा सत्तरीचे. १९९०च्या सुमारास रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली तेव्हाची ही बाग. "बापानं दुष्काळात सडकंवर खडी फोडली," मामा म्हणाले, "मी आपल्याच रानात खड्डं घेतलं आन् त्याची मजुरी मिळाली." त्या योजनेची मला वाटणारी सगळी थोरवी या एका वाक्यात आली.

झाडं वाकली होती. पिवळसर, टपोरी, उमराण जातीची बोरं. उन्हाळ्यात सगळं रान करपतं तेव्हा बोर पानं टाकून गप्प राहते. त्याच सुमारास छाटणी करायची, पावसावर नवी फूट येते, थंडीत फळ. छाटलेल्या फांद्यांचं कुंपण, पाला शेळ्यांना.

शेजारचा तुकडा मात्र मोकळा होता. तिथं आधी डाळिंब होतं. डाळिंबानं सांगोल्याला पैसा दाखवला हे खरंच. देशातली शंभरावी किसान रेल्वे २८ डिसेंबर २०२० रोजी इथूनच सुटली. पण मर रोग आणि खोडकिड्यानं बागाच्या बागा गेल्या. मामांनीही टँकरनं पाणी घालून जगवलेली झाडं शेवटी उपटली. ते सांगताना त्यांनी त्या तुकड्याकडे पाहिलंही नाही.

मग मला बांधावर नेलं. तिथं गावठी बोरीची कमरेएवढी झुडपं होती. लोक ती दरवर्षी तोडतात, ती दरवर्षी फुटतात. मामा आधी कलम केलेल्या एका झाडाजवळ उकिडवे बसले आणि बुंध्यावरची गाठ दाखवली. गाठीखाली काळपट, भेगाळलेली साल, वर जरा नितळ. "खालची गावठी, वरची उमराण." उन्हाळ्यात झुडूप बुडाजवळ छाटायचं, जोमाचा एकच फुटवा ठेवायचा, आणि पाऊस झाल्यावर त्याच्या सालीला चीर देऊन उमराणीचा डोळा, म्हणजे सालीसकट काढलेला कोंब, बसवायचा. वर पट्टी गुंडाळायची, डोळा तेवढा उघडा. खड्डा नाही, रोप नाही, पहिल्या उन्हाळ्याचं पाणीही नाही. मूळ आधीच खोल गेलेलं असतं.

हे ऐकून मी बराच वेळ त्या बांधाकडे बघत राहिलो. आपण झाडं लावण्याचे केवढे सोहळे करतो! इथं झाड जमिनीत जिवंतच आहे, त्याला फक्त वर येऊ द्यायचंय.

पण राखण लागते. एका झाडाला गाठीखालून फुटवा आला होता, त्याला बारीक, आंबट बोरं. "हे ठेवलं तर वरची फांदी मरती," म्हणत मामांनी विळा माझ्या हातात दिला. काटे बोटात शिरले, पण फुटवा निघाला.

निघताना पिशवी भरून बोरं दिली, पैसे घेतले नाहीत. बांधावरची पाच झुडपं त्यांनी बोट दाखवून मोजली.

"पाऊस पडून साल सुटाया लागली की या पाव्हणं. ही पाच तुमच्या हातानं भरू."