वांगणीची रात्र: लाइव्ह स्टॅकिंग आणि फिल्टरची निवड

अमावस्येजवळचा शनिवार साधून आम्ही तिघं कर्जत लोकलनं शहराच्या उजेडापासून दूर, वांगणीला गेलो. मुलुंडच्या गच्चीवरून नेहमी टिपतो तेच तेजोमेघ, त्याच छोट्या दुर्बिणीनं आणि त्याच रंगीत कॅमेऱ्यानं तिथून टिपायचे, असा बेत होता. सामान जास्त असेल तर मालडब्यातून जा. भाताच्या मोकळ्या खाचरात बसायचं तर मालकाला आधी विचारा. दुर्बिणीची बैठक ध्रुवताऱ्याशी जुळवायला उत्तर दिशा उघडी हवी, कारण आपल्याकडे तो क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर असतो.

देवयानी दीर्घिका अंधार पडताच टिपून घ्या. हिवाळ्यात ती पश्चिमेला, म्हणजे थेट मुंबईच्या उजेडात उतरत जाते. तिच्यासाठी आणि कृत्तिकांसाठी फिल्टर (ठरावीक रंगांचाच प्रकाश आत सोडणारी काच) काढून ठेवला. कृत्तिकांभोवतीची धूळ ताऱ्यांचाच प्रकाश परावर्तित करते, तो सगळ्या रंगांत पसरलेला असतो. फिल्टर लावला की आकाशाच्या उजेडाबरोबर तीही कापली जाते. गच्चीवरून कधीही न दिसलेली ती निळसर धूळ इथं लाइव्ह स्टॅकमध्ये (टिपतानाच एकावर एक रचल्या जाणाऱ्या फोटोंत) हळूहळू उमटली आणि आम्ही तिघंही लॅपटॉपवर वाकलो. अशा लक्ष्यांसाठी फिल्टरवर पैसे घालण्यापेक्षा लोकलचं तिकीट काढावं, असं माझं ठाम मत आहे.

रोझेट तेजोमेघाचं गणित उलटं. त्याचा प्रकाश मुख्यतः हायड्रोजन-अल्फा (६५६.३ नॅनोमीटर) आणि ऑक्सिजन-तीन (५००.७) या रेषांत, म्हणजे प्रकाशाच्या दोन ठरावीक रंगांत येतो. ड्युअल-बँड फिल्टर नेमक्या याच दोन खिडक्या उघड्या ठेवतो. सोडियमच्या दिव्यांचा उजेड मोजक्या पट्ट्यांत असे, जुने फिल्टर तो अडवत. एलईडीचा उजेड सगळीकडे सांडतो, म्हणून शहरात अरुंद पट्ट्याचाच फिल्टर उपयोगी. रोझेट त्यातून मुलुंडलाही छान मिळतो, त्याच्यासाठी एवढ्या लांब येण्याची गरज नाही.

लाइव्ह स्टॅकिंगमध्ये प्रत्येक नवी फ्रेम (एकेक फोटो) ताऱ्यांवरून जुळवून आधीच्या सरासरीत मिसळली जाते. चौपट फ्रेम घेतल्या की चित्र दुप्पट स्वच्छ होतं, हे डोळ्यांसमोर दिसतं, आणि थांबायचं की पुढच्या लक्ष्याकडे वळायचं ते जागेवरच ठरवता येतं. पण मध्यरात्रीनंतर भिंगावर दव धरलं, तर त्या धूसर फ्रेमही सरासरीत जातात. नंतर त्या वेगळ्या काढता येत नाहीत. म्हणून शार्पकॅप या कॅमेरा चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवण्याचा पर्याय आधीच चालू करा, डिस्कवर जागा ठेवा आणि भिंगाला दवपट्टी (भिंग किंचित गरम ठेवणारी पट्टी) बांधा. घरी सिरिल या फोटो-प्रक्रियेच्या सॉफ्टवेअरमध्ये (मोफत आहे) वाईट फ्रेम गाळता येतात, सिग्मा क्लिपिंगनं (सरासरीपासून फार वेगळे ठिपके वगळून) विमानांच्या रेघा जातात, पश्चिमेकडून चढलेला उजेडाचा उतारही काढता येतो. मृगातल्या मोठ्या तेजोमेघाला तर हे हवंच. मधले चार तारे टिकवायला काही सेकंदांच्या फ्रेम लागतात आणि बाहेरचे पंख उमटायला मिनिटांच्या. दोन्ही वेगळ्या स्टॅक करून मग जोडायच्या.

फ्लॅट फ्रेम (धुळीचे डाग आणि कडांचा काळोख काढायला एकसारख्या उजेडाचे फोटो) उजाडताना, फोकस न हलवता आणि कॅमेरा न काढता घ्या. फिल्टर बदलला असेल तर दोन्ही संच हवेत.

फेब्रुवारीत गेलात तर पहाटे चार-साडेचारच्या सुमारास दक्षिणेला नरतुरंगातला ओमेगा हा तारकागुच्छ साधारण २४ अंशांवर येतो. तो बिनाफिल्टरचाच टिपा.