पुरानंतर बुडालेला दगड

२०१९ चा महापूर ओसरून दोन-अडीच महिने झाले असतील. मी कोल्हापुरात एका कॉलेजात भूशास्त्र शिकवते. दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा आजीला घेऊन थेट प्रयोगशाळेतच आला. चिखलीची माणसं. त्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा यांचं घर आठवडाभर पाण्यात होतं. आजींनी फडकं सोडून मूठभर मोठा, मळकट दगड टेबलावर ठेवला.

“बाई, द्येवाचा दगड बुडाला वो. सासऱ्यांनी रामेसरास्नं आणल्याला. इतकी वर्सं परातीत तरंगत हुता. पुरापास्नं खाली बसतोय. आमच्या हातनं काय पाप घडलं आसंल का?”

त्या शेवटच्या प्रश्नासाठीच त्या बस बदलत आल्या होत्या.

सासरे रामेश्वरला गेले होते ते १९६४ च्या आधी. तेव्हा पांबनच्या पुलावरून रेल्वे धनुष्कोडीपर्यंत जायची आणि तिथून बोट सिलोनला. त्या वर्षी २२ डिसेंबरच्या रात्री चक्रीवादळानं गाव नेलं, प्रवाशांनी भरलेली गाडीसुद्धा नेली. पुन्हा तिथं रूळ पडलेच नाहीत. म्हणजे माझ्यासमोरचा दगड धनुष्कोडी मोडण्याआधीचा होता. त्याला हात लावताना मलाही जपावंसं वाटलं.

आजींच्या देवावर ॲसिड टाकायला मन धजेना. फडक्यात पडलेले चार कण काचेवर घेतले आणि सौम्य हायड्रोक्लोरिकचा एक थेंब सोडला. लगेच फसफसलं. आपला सह्याद्रीचा काळा कातळ असं फसफसत नाही. ज्वालामुखीचा हलका दगड असेल असं नातवाला वाटत होतं, तोही निकाली निघाला. हा चुनखडीचा होता. भिंगाखाली बारीक चांदण्यांसारखी घरं दिसली. हा प्रवाळ. एकेका घरात एकेकाळी एकेक जीव राहिलेला.

आजींना भिंगातून दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग मी सांगितलं, “या घरांत हवा होती, म्हणून तो तरंगत होता. पुरात आठवडाभर बुडून राहिला, तेव्हा हवा गेली आणि पाणी-गाळ शिरला. पाप कुणाचंच नाही.”

“मंग सेतू रामानं बांधला न्हाई व्हय?”

मी नकाशा काढला. धनुष्कोडीपासून श्रीलंकेतल्या तलैमन्नारपर्यंत सुमारे तीस किलोमीटर वाळूच्या पट्ट्यांची रांग आहे, कुठं उघडी, कुठं जेमतेम पाण्याखाली. वाळू, प्रवाळ, चुनखडी. वीसेक हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता, तेव्हा इथं सगळी कोरडी जमीनच होती. पुढं पाणी चढलं आणि दोन्ही बाजूंच्या प्रवाहांनी या उथळ भागावर वाळू रचली. माझं शास्त्र एवढं सांगतं, आणि ते मी आजींपासून लपवलं नाही. वाल्मीकींचा नल पाच दिवसांत शंभर योजनं सेतू बांधतो, हेही सांगितलं. तिथं वानर शिळा आणि अख्खी झाडं समुद्रात लोटतात. दगड तरंगल्याची गोष्ट नंतरच्या रामकथांतली. आजी म्हणाल्या, “वाल्मीकीला ठावं न्हवतं, आन् माझ्या सासऱ्यांना ठावं हुतं!” आणि मनापासून हसल्या. मला फार बरं वाटलं.

दगड ठेवून घेतला. स्वच्छ पाण्यात घातला की दर वेळी पंचगंगेचा काळा गाळ सुटायचा. चार दिवस तेच केलं. मग खिडकीत उन्हाला ठेवला आणि रोज वजन घेतलं. पहिल्या दिवशी ३१० ग्रॅम, पंधराव्या दिवशी १८५. त्यापुढं काटा हलेना.

आजींना बोलावून घेतलं. त्यांनी घरची परात आणली होती, पाणीही घरचंच. दगड त्यांनी स्वतः सोडला. तो खाली गेला, डुचमळला आणि वर आला. पाण्यावर जेमतेम बोटभर.

“फार वेळ पाण्यात ठेवू नका, नाहीतर परत पाणी पिईल,” मी म्हणाले.

आजींनी तो लगेच उचलला, पदरानं पुसला आणि नातवाला म्हणाल्या, “ऐकलंस का? आता रामनवमीलाच पाण्यात.”