दुसऱ्या पिरियडला बेंच कुठं आहे ते बघा

कोल्हापूरच्या लाईन बाजारात, म्हणजे हॉकीच्या गल्लीत, वाढलेल्या माणसाला हॉकी समजावून सांगायला जाऊ नये. पण त्याच माणसाला बर्फावरची हॉकी लावून दिली की दहा मिनिटांत तो वैतागतो. चेंडू दिसत नाही, पोरी सारख्या आत-बाहेर पळतात, शिट्टी कशाची वाजली तेही कळत नाही. शिकायचंच असेल तर अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींचे सामने बघा, असं आम्ही सांगतो. मुलींच्या खेळात अंगावर जाऊन आपटायला मनाई आहे. पकसाठी (चेंडूच्या जागी असते ती रबराची चकती) खांद्याला खांदा लागला तर चालतो, पण माणूस पाडायला गेलात तर शिक्षा. त्यामुळं पासिंग स्वच्छ दिसतं. एक पथ्य मात्र पाळा: पक शोधत बसू नका, बदली खेळाडू बसतात त्या बेंचकडे बघा.

आधी वेळेचं. मोसम सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतो आणि मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात संपतो. मॅडिसन किंवा मिनियापोलिसला शुक्रवारी संध्याकाळचे सहा म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटेचे साडेचार. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागं जातात, मग साडेपाच. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा साडेचार. हे विसरलात तर ऐन बाद फेरीत पहिला पिरियड हुकतो.

आपलं टर्फ ९१.४ बाय ५५ मीटर. बर्फाचं मैदान म्हणजे रिंक, ती नेहमीची २०० बाय ८५ फूट, म्हणजे साधारण ६१ बाय २६ मीटर, मैदानाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान. त्यात गोलकीपर धरून सहा-सहा जणी. भोवती लाकडी फळ्यांसारखं कुंपण असतं, त्याला बोर्ड म्हणतात. चेंडू साइडलाइनच्या बाहेर जाणं हा प्रकारच नाही. बोर्डवर आपटवून दिलेला पास हा रोजचा पास. काठीच्या दोन्ही बाजूंनी खेळता येतं, त्यामुळं रिव्हर्स स्टिकवरून भांडणही नाही. पक ३ इंच व्यासाचा, १ इंच जाड, कडक रबराचा, वजनाला १५६ ते १७० ग्रॅम. आपला चेंडू १५६ ते १६३ ग्रॅम. म्हणजे वजनात जवळजवळ भाऊच. पण पक सामन्याआधी फ्रीझरमध्ये ठेवावा लागतो, कारण गरम झालेलं रबर बर्फावर उड्या मारतं आणि पास काठीवर बसत नाही.

आता बेंच. तिघी फॉरवर्डची एक लाईन, अशा चार लाईन. बचावाला दोघी-दोघींच्या तीन जोड्या. एक लाईन बर्फावर साधारण ४५ सेकंद टिकते, मग दुसरी. आपल्याकडं बदली मोकळीच असते, पण तिथं मिनिट संपायच्या आत अख्खी लाईन बदलते, तीही खेळ न थांबता. याचं कारण मांड्यांत आहे. स्केटिंगला गुडघे वाकवून बसल्यासारखं राहावं लागतं आणि प्रत्येक ढकल मांडीतून येते. पूर्ण वेगात तीन-चार फेऱ्या झाल्या की पाय भरून येतात. दमलेली खेळाडू ओळखायची खूण सोपी: गुडघे सरळ होतात, ती ढकलायचं सोडून नुसती घसरत राहते आणि काठी बर्फावरून उचलली जाते. काठी वर गेली की तिच्याजवळून पास निघतो.

बाहेर येणारी बेंचपासून साधारण पाच फुटांवर आली की नवी उतरू शकते. त्याआधी उतरून खेळात हात घातला तर एक खेळाडू जास्त म्हणून २ मिनिटांची शिक्षा. म्हणून दार उघडायला, कुणाच्या जागी कोण हे ओरडायला बेंचवर शिस्त लागते. डावी विंग बाहेर येतेय आणि उजवीची बदली उतरली, असा घोळ चांगल्या संघांचाही होतो.

आणि हा दुसरा पिरियड. सामना २० मिनिटांच्या तीन पिरियडचा. पहिल्या आणि तिसऱ्याला आपलं बेंच आपण राखतो त्याच गोलच्या बाजूला असतं. दुसऱ्याला बाजू बदलतात, बेंच मात्र जागचं हलत नाही. म्हणजे बचाव करताना बेंच लांब, मधली लाल रेषा ओलांडून पलीकडं. पाचही जणी आपल्या टोकात अडकल्या, पक बाहेर निघेना, तर बदली होतच नाही. ४५ सेकंदांचे ९० होतात. मग कुणीतरी घाबरून पक लांब फेकते. तो मध्यरेषेच्या अलीकडून निघून कुणालाही न लागता थेट समोरच्या गोलरेषेपलीकडं गेला की आयसिंग. फेस-ऑफ, म्हणजे दोघींच्या मध्ये पक टाकून खेळ सुरू करणं, पुन्हा आपल्याच गोलपाशी, आणि नियमाची खरी सुरी इथं आहे: आयसिंग करणाऱ्या संघाला बदली करता येत नाही. त्याच पाच थकलेल्या पोरी, समोर ताजी लाईन. गोल झाला की आपण गोलकीपरला बोल लावतो, पण तो गोल मिनिटभर आधीच, बेंच गाठता आलं नाही तेव्हा झालेला असतो.

शिक्षांचं गणित आपल्यापेक्षा वेगळं. आपल्याकडं हिरव्या कार्डाला २ मिनिटं, पिवळ्याला किमान ५, आणि समोरच्यांनी गोल केला तरी बाहेरची बाहेरच. तिथं २ मिनिटांच्या शिक्षेत गोल बसला की शिक्षा तिथंच संपते. ५ मिनिटांची मात्र पूर्ण भोगायची. या पाचास चारच्या काळाला पॉवर प्ले म्हणतात आणि आपल्या शॉर्ट कॉर्नरसारखीच त्याची वेगळी तालीम असते: एक वर, हल्ल्याचा भाग जिथून सुरू होतो त्या निळ्या रेषेवर, दोघी दोन बाजूंना, एक मध्ये, एक गोलकीपरच्या डोळ्यांसमोर उभी. समोरची काही करत नाही असं वाटतं, पण गोलकीपरला पक दिसू न देणं हेच तिचं काम. पक निळ्या रेषेबाहेर गेला की मांडणी मोडते, कारण हल्ला करणाऱ्या सगळ्यांना बाहेर येऊन परत शिरावं लागतं, नाहीतर ऑफसाइड. आपल्याकडून ऑफसाइड गेलं त्याला जमाना झाला, म्हणून आपली नजर तिथं सारखी चुकते.

२०२५ ची अंतिम लढत नियम शिकायला फार उपयोगी आहे. विस्कॉन्सिन विरुद्ध ओहायो स्टेट, मिनियापोलिसच्या रिडर अरीनात. ओहायो स्टेट ३-२ नं पुढं. शेवटच्या क्षणी गोलपुढच्या गर्दीत ओहायोच्या खेळाडूचा हात पकवर गेल्याचं व्हिडिओत दिसलं. गोलपुढच्या निळ्या रंगवलेल्या भागात गोलकीपर सोडून दुसऱ्या कुणी हातानं पक दाबला तर पेनल्टी शॉट. आपल्याकडं गोलरेषेवर पाय लावून चेंडू अडवल्यावर स्ट्रोक मिळतो, तसाच न्याय. घड्याळात १८.९ सेकंद उरले होते. कर्स्टन सिम्सनं तो मारला आणि जादा वेळेतला विजयी गोलही तिचाच. ४-३. विस्कॉन्सिनचं ते आठवं विजेतेपद, आणि मोसमाचा हिशेब ३८ विजय, १ पराभव, २ बरोबरी.

स्केटच्या पात्याबद्दल टीव्हीवर कुणी बोलत नाही, पण निम्मं पडणं-झडणं तिथून येतं. पातं साधारण ३ मिलिमीटर जाड आणि तळाला सपाट नसतं. धार लावताना मधोमध पन्हळ काढतात, त्यामुळं आत आणि बाहेर अशा दोन कडा तयार होतात. पन्हळीची गोलाई इंचात मोजतात. अर्धा इंच ही सर्रास चालणारी. त्याहून कमी, म्हणजे पाऊण सेंटिमीटर-एक सेंटिमीटरच्या घरात आणली तर पन्हळ खोल होते, कडा बर्फात रुततात, वळणं घट्ट बसतात, पण घसरण कमी होऊन पाय लवकर दमतात. वाढवली तर वेग टिकतो, वळताना पाय सुटतो. पातं गोलच्या खांबावर किंवा दुसरीच्या स्केटवर आपटलं की एका कडेला खाच पडते. मग ती पोर डावीकडं झकास वळते आणि उजवीकडं वळताना कुणी न ढकलता आडवी होते. अशा वेळी ती मुकाट्यानं बेंचवर जाते आणि किट सांभाळणारा माणूस पातं बदलून देतो.

बर्फाचं आपल्या टर्फवर पाणी मारण्यासारखंच आहे. कोरड्या टर्फवर चेंडू उडतो, तसा खरवडलेल्या बर्फावर पक अडखळतो. काँक्रीटखालच्या नळ्यांतून थंड द्रव फिरवून इंच-सव्वा इंचाचा थर उणे ५ अंशांच्या आसपास ठेवतात. दोन पिरियडच्या मध्ये झांबोनी नावाची गाडी फिरते: वरचा पापुद्रा खरवडते आणि गरम पाण्याचा पातळ हात देते. गरमच का, तर ते वरचा थर किंचित वितळवून त्यात एकजीव होतं. पिरियडच्या शेवटच्या पाच मिनिटांत बर्फाचा भुगा साठतो, म्हणून तेव्हा लांब पास फसतात. लडाखच्या मुली हे सगळं नैसर्गिक बर्फावर, हिवाळ्यातल्या मोजक्या आठवड्यांत शिकतात, आणि तरी २०२५ च्या आशिया चषकात भारताच्या महिला संघानं कांस्य आणलं.

मोसमाची रचना पाहिली की मात्र हेवा वाटतो. आपल्या कॉलेजच्या मुली विभागीय, मग आंतरविभागीय खेळतात; एक वाईट दिवस आणि वर्ष संपलं. तिथं नियमित मोसमाला ३४ सामन्यांपर्यंत मुभा. पश्चिमेकडच्या डब्ल्यूसीएचए गटात आठ संघ, प्रत्येकाशी चार सामने, म्हणजे २८ गटातलेच. ६० मिनिटांत जिंकलं तर ३ गुण. बरोबरी झाली तर पाच मिनिटं तिघी विरुद्ध तिघी, मग शूटआउट. जिंकणाऱ्याला २, हरणाऱ्याला १. राष्ट्रीय बाद फेरीत ११ संघ जातात. २००१ पासून २०२५ पर्यंत, २०२० ची रद्द झालेली सोडून, २४ विजेतेपदांपैकी २१ याच गटानं नेली. उरलेली तीनही न्यूयॉर्क राज्यातल्या पॉट्सडॅमसारख्या छोट्या गावातल्या क्लार्कसननं. मिनेसोटानं २०१२-१३ मध्ये ४१ पैकी ४१ जिंकले होते.

शुक्रवारी आणि शनिवारी बहुतेकदा तेच दोन संघ, त्याच रिंकवर खेळतात. शुक्रवारी सगळेच ताजे असतात. आपल्या रविवारी पहाटे जो सामना असतो, त्याचा दुसरा पिरियड लावा, समालोचन बंद करा आणि उतरणाऱ्या लाईन मोजा. चार फिरताहेत तोवर प्रशिक्षक निवांत असतो. चौथी उतरेनाशी झाली, तीनवर काम भागवायला लागले, की तिसऱ्या पिरियडला त्याच संघाचं आयसिंग वाढतं.