लॅब-क्रॉस

रविवार, रात्रीचे साडेअकरा

झोप येत नाहीये. ठमी दाराला पाठ लावून घोरतेय, म्हणजे तिचं काही बिनसलेलं नाही. बिनसलंय ते माझं.

काल संध्याकाळी लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरच्या नवीन बाई होत्या, त्यांचा तो रोज विंचरलेला गोल्डन रिट्रीव्हर घेऊन. ठमीकडे बघून त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं, "ही कुठली ब्रीड?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "लॅब-क्रॉस." म्हणजे अर्धी लॅब्रॅडॉर.

कुणी गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. बाई म्हणाल्या, "हो ना, डोळ्यांवरून वाटतंच." मीही मान डोलावली. आणि कोपऱ्यात पवारमामा उभे होते, गच्चीची किल्ली हातात घेऊन. जुलैच्या त्या पावसात ज्यांनी तिला पोत्यात गुंडाळून माझ्या दारात आणलं, ते पवारमामा. काही बोलले नाहीत. वरचे आकडे बघत राहिले.

ते बोलले असते तर बरं झालं असतं.

आज सकाळी ठमीला मागच्या गेटने फिरायला नेलं. ती पुढच्या गेटकडेच ओढत होती, मामांच्या खुर्चीपाशी तिचा रोजचा थांबा असतो. मी पट्टा खेचला. कुत्रीला खोटं बोलल्याचं कळत नाही म्हणतात, पण वाट बदलल्याचं कळतं.

तसं अगदीच खोटंही नाही म्हणा. ठमीची आई रिक्षा स्टँडवरची पिवळी, त्यात वाद नाही. पण मागच्या गल्लीतल्या बंगल्यातला तो लॅब गेट उघडं दिसलं की गावभर हिंडून यायचा, आणि ठमीचा डावा कान पडलेला आहे. उजवा मात्र ताठ, शेपटीला पक्की गावठी गुंडाळी. डॉक्टर म्हणाले होते, एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, कानावरून वंशावळ काढत बसू नका. लसीच्या पुस्तकात ब्रीडच्या रकान्यात काय लिहू, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी ऐटीत सांगितलं होतं, "ठमी." तेव्हा कुठून आली होती ती ऐट? आणि काल कुठे गेली?

शिवाय लॅब म्हणे पाण्याचा कुत्रा. आमच्या बाईसाहेब डबकं दिसलं की सोवळ्यातल्यासारख्या वळसा घालून जातात.

अनघाला फोनवर सांगितलं तर ती हसली, आणि वर एक लेख पाठवून दिला. २०२२ साली 'सायन्स'मध्ये आलेला. अमेरिकेत अठरा हजारांवर कुत्र्यांच्या मालकांना त्यांच्या स्वभावाबद्दल विचारलं, त्यातल्या दोन हजारांवर कुत्र्यांचे डीएनए तपासले, आणि निघालं काय, तर कुत्र्या-कुत्र्यातला स्वभावाचा जो फरक असतो, त्यातला जेमतेम नऊ टक्के जातीवरून सांगता येतो. तिला वाटलं मला बरं वाटेल. मला एवढंच कळलं की नऊ टक्क्यांसाठी मी खोटं बोलले.

सासूबाई माझी ओळख करून द्यायच्या तेव्हा म्हणायच्या, "पुण्याचीच. शिक्षण सगळं पुण्यात." गावाचं नाव कधी घ्यायच्या नाहीत. मी शेजारी उभी राहून हसायचे. बावीस वर्षं. जाऊ दे, तो विषय वेगळा.

वेगळा आहे का?

आणि लॅब म्हणजे तरी कोण मोठे लागून गेलेत! न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांकडे बर्फासारख्या पाण्यात जाळी ओढायची, सुटलेले मासे तोंडात धरून आणायची, अशी मिसळीतून झालेली कामकरी कुत्री त्यांची पूर्वज. तिथून ती इंग्रज सरदारांकडे शिकारीला गेली, १९०३ साली तिकडच्या केनेल क्लबने वहीत नाव चढवलं आणि झाली खानदानी. कोळ्यांच्या वस्तीतून आलेल्याचं कुणाला काही वाटत नाही, स्टँडवरून आलेलीचं मला वाटलं. ठमीला नाही. मला.

हे सगळं त्या बाईंना सांगायला हवं होतं. लिफ्टमध्ये सुचत नाही, रात्री साडेअकराला सुचतं.

ठमीने आत्ता झोपेत पाय झाडले. स्वप्नात कुणाची तरी स्कूटर पळवून लावत असणार. तिच्या पोटाला सुक्या खोबऱ्यासारखा वास येतो, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

सोमवार सकाळ

पुढच्या गेटनेच गेले. मामा खुर्चीत, चहा आणि खारी. मी सुरुवात केली, "मामा, परवा लिफ्टमध्ये मी ते जरा..."

"काय ओ ताई?"

चेहरा असा कोरा, की मला वाटलं ऐकलंच नसेल यांनी. तोवर ठमी त्यांच्या चपलेवर बसलीसुद्धा. मामांनी तिच्याकडे बघितलं आणि अदबीने विचारलं, "काय लॅबबाई, काल आला न्हाईत? इलायती मानसं खारी खात्यात का?"

मी हातातल्या पट्ट्याच्या गाठी मोजत उभी. काय बोलणार?

ठमीने खारी खाल्ली. मग मामांच्या पँटवरचा चुरा. मग फरशी चाटायला लागली, जिथे चुरा पडला होता तिथली आणि जिथे पडला नव्हता तिथलीही.

मामा म्हणाले, "ताई, खान्यापुरतं खरं बोलला व्हता तुम्ही."