आठ शेजारी

रिकामी संध्याकाळ मिळाली की कुणी शब्दकोडं सोडवतं, कुणी कपाट आवरतं. मी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत पन्नास-साठ ओळी लिहून चौकटींचा एक पट मांडतो आणि त्यावर कोण जगतं, कोण मरतं ते बघत बसतो. जुनी फाइल कुठेतरी असते, पण ती शोधण्यापेक्षा नवी लिहिण्यात जास्त मजा.

हा खेळ ब्रिटिश गणिती जॉन कॉनवे यांचा, नाव ‘गेम ऑफ लाइफ’. ऑक्टोबर १९७० च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यावर लिहिलं आणि तो जगभर पोचला. पटावरचं प्रत्येक घर एकतर जिवंत, नाहीतर मेलेलं. उभे, आडवे, तिरपे मिळून प्रत्येकाला आठ शेजारी. जिवंत घराचे दोन किंवा तीन शेजारी जिवंत असले तर ते टिकतं. कमी असले तर एकटेपणाने जातं, जास्त असले तर गर्दीने. मेलेल्या घराला बरोब्बर तीन जिवंत शेजारी मिळाले की ते जिवंत होतं. संपले नियम. खेळाडूने फक्त सुरुवातीची मांडणी करायची, मग हाताची घडी घालून बसायचं.

हे कोडमध्ये उतरवताना खरी गंमत येते ती ‘सगळे एकदम’ या अटीची. नियम सांगतो, अख्खा पट एकाच क्षणी बदलला पाहिजे. लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोडचा तुकडा, बिचारा एकेका घरापाशी जातो. समजा, आडव्या ओळीत तीन घरं जिवंत आहेत. लूप त्यांच्या वरच्या ओळीत आला. मधल्याच्या डोक्यावरच्या घराला खालचे तिघं शेजारी मिळाले, ते जन्मलं, बरोबर. पुढच्या उजवीकडच्या घराला खरं तर खालचे दोघंच जिवंत शेजारी आहेत. पण त्याने आत्ता जन्मलेल्यालाही मोजलं, तर तीन भरतात आणि तेही उठून बसतं! तिथून पुढे सगळा पट बिघडतो.

म्हणून पट दोन ठेवायचे. जुन्यावर फक्त मोजायचं, नव्यावर फक्त लिहायचं आणि शेवटी अदलाबदल. आपल्या पंगतीत वाढपी एकेका पानावर वाढत जातो, पण शेवटच्या पानावर भात पडून ‘वदनी कवळ’ होईपर्यंत कुणी घास उचलत नाही, त्यातलाच प्रकार. एवढं शिस्तीने केलं की मघाची तीन आडवी घरं पुढच्या पिढीत उभी होतात, त्यापुढच्या पिढीत पुन्हा आडवी. हा ब्लिंकर. प्रोग्राम नीट चालतोय की नाही हे बघायला मी आधी त्यालाच पटावर सोडतो.

मग येतो कडेचा प्रश्न. कॉनवेंचा पट अनंत, माझा स्क्रीनएवढा. काठावरच्या घराला आठ शेजारी आणायचे कुठून? पायथन इथे अर्धवट उदार आहे. लिस्टमध्ये, म्हणजे घरांच्या यादीत, पहिल्याच्या आधीचं ‘उणे एकावं’ घर मागितलं तर मुकाट्याने शेवटचं काढून देतो, म्हणून डावी कड आणि वरची कड आपोआप पलीकडच्या कडेला जोडली जाते. उजवीकडे एक घर जास्त मागितलं की मात्र एरर तोंडावर फेकतो. घराच्या क्रमांकाला पटाच्या लांबी-रुंदीने भागून उरलेली बाकी घेतली की चारही कडा जुळतात.

आणि मग ग्लायडर. पाच जिवंत घरांची ही आकृती गणिती रिचर्ड गाय यांच्या नजरेला पडली, तेही कॉनवेंच्या केम्ब्रिजमधल्या मंडळींनी सोंगट्या मांडून हाताने पिढ्या मोजायच्या दिवसांत. दर चार पिढ्यांनी ती तिरपी एक घर पुढे सरकलेली दिसते. मी एकदा स्पेस बार दाबत एकेक पिढी थांबवून पाहिली. दर पिढीला पाचांतली दोन मरतात, दोन नवी जन्मतात. चार पिढ्यांनंतर मूळच्या पाचांतलं एकही सलग जिवंत राहिलेलं नसतं. जे एक घर दोन्ही वेळी जिवंत दिसतं, तेही मध्ये मरून परत आलेलं असतं. म्हणजे कुणीच कुठे गेलेलं नाही. माझ्या कोडमध्ये दिशा नाही, वेग नाही, ‘सरक’ म्हणणारी एक ओळ नाही. आहे ती फक्त शेजाऱ्यांची मोजदाद. तरी पडद्यावर काहीतरी ठामपणे खाली उजवीकडे निघालेलं असतं.

कोणतीच आकृती अमर्याद वाढू शकत नाही, असा कॉनवेंचा कयास होता. तो खरा किंवा खोटा ठरवणाऱ्याला त्यांनी ५० डॉलर लावले होते. १९७० च्याच नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठातल्या बिल गॉस्पर आणि मंडळींनी दर ३० पिढ्यांनी एक ग्लायडर सोडणारी ‘तोफ’ दाखवली आणि पैसे जिंकले. पुढे कॉनवेंना या खेळाचा वैताग आला होता, कारण त्यांचं बाकीचं मोठं गणित सोडून लोक याचंच विचारायचे. माझ्यासारख्यांमुळेच म्हणा.

ही तोफ लावायची तर जोडलेल्या कडा चालत नाहीत. सुटलेला ग्लायडर पलीकडून फिरून येतो, तोफेलाच धडकतो आणि तिची वाट लावतो. म्हणून तेवढ्यापुरत्या कडा तोडून काठाबाहेरचं सगळं मेलेलं धरतो. मग पहिला ग्लायडर काठाला आपटतो आणि तिथेच चार घरांचा ठोकळा होऊन बसतो. मागून दुसरा निघालेलाच असतो.