ग्रे टँकची नवी लाइन: सेंटिमीटरची काटकसर

माझ्या छोट्या ट्रेलरच्या (गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराच्या) ग्रे टँकचं, म्हणजे सांडपाण्याच्या टाकीचं, आउटलेट आता तळातून नाही, बाजूच्या भिंतीतून निघतं. ट्रेलरच्या पोटाखाली सगळ्यात खाली लोंबणारा भाग जमिनीपासून 19 सेंमीवर होता, तो 27 वर गेलाय. काम पुरं झालेलं नाही, पण गळती नाही आणि पाणी न अडखळता जातंय, म्हणून इथवरचा हिशेब लिहून ठेवतो.

मूळ मांडणी अशी होती. सिंक आणि शॉवरचं पाणी घेणारा ग्रे टँक अ‍ॅक्सलच्या पुढे, संडासाचा ब्लॅक टँक अ‍ॅक्सलच्या मागे. ग्रे टँकच्या तळाला एल्बो (काटकोनात वळणारी फिटिंग), तिथून दीड इंची पाइप दोनेक मीटर मागे जाऊन ब्लॅकच्या तीन इंची लाइनला मिळायचा आणि दोघांचं मिळून एकच तोंड बाहेर. टँक रिकामे करायचा होज (लवचिक नळी) एकदाच लावा, आधी ब्लॅक सोडा, मग ग्रे सोडून त्याच पाण्याने होज धुऊन काढा. सोय मोठीच आहे, नाही म्हणत नाही. पण छोट्या ट्रेलरखाली एवढी लांब लाइन परवडत नाही, कारण सांडपाण्याच्या पाइपला ढाळ लागतो. फुटाला पाव इंच हा नेहमीचा हिशेब, म्हणजे मीटरला साधारण दोन सेंटिमीटर. दोन मीटरच्या पाइपात चार सेंटिमीटर तिथेच गेले. तळाच्या एल्बोने आठ-नऊ खाल्ले. शेवटी तीन इंची जोड आणि व्हॉल्व्हचं धड आणखी खाली. टँकचा तळ 36 सेंमीवर असताना व्हॉल्व्ह 19 वर का, याचं उत्तर एवढंच. त्यात हा व्हॉल्व्ह चाकांच्या बराच मागे. ओढणारी गाडी चढाला लागली की ट्रेलरची मागची बाजू खाली बसते, आणि रस्त्याला पहिला टेकतो तो हाच. व्हॉल्व्हच्या तळावर ओरखड्यांची नक्षी होती.

तेव्हा ठरवलं की ग्रे आणि ब्लॅक वेगळे करायचे. ग्रेचा पाइप मागे न्यायचाच नाही. टँकच्या मागच्या कोपऱ्यातून थेट बाजूला, ट्रेलरच्या कडेपर्यंत, फक्त 60 सेंमी. ढाळाला सव्वा सेंटिमीटर पुरतो. किंमत ही की रिकामं करताना होज एका तोंडावरून काढून दुसऱ्याला लावावा लागतो. मला ती किंमत मान्य आहे. दोन मिनिटांचं काम आणि हातमोजे तसेही घातलेलेच असतात. क्रम तोच, आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे होज धुऊन निघतोच.

आता भोक. टँक पॉलिइथिलीनचा आहे आणि या प्लास्टिकला कुठलंच सॉल्व्हेंट सिमेंट (प्लास्टिक मऊ करून जोडणारा चिकटपदार्थ) धरत नाही. सिलिकॉनही काही काळ धरल्यासारखं करतं आणि मग सोलून निघतं. कारखान्यात फिटिंग फिरवून, घर्षणाच्या उष्णतेवर टँकला वितळवून बसवतात; ते घरी जमणारं नाही. नटाने आवळायची फिटिंग बसवायची तर आतून हात घालायला जागा हवी, ती बंद टँकला नसते. राहतो रबरी ग्रोमेट: भोकात रबर बसवायचं, रबरात पाइप दामटायचा, पाइपच्या रेट्याने रबर भिंतीवर आवळलं जातं. लोकांना याचा भरवसा वाटत नाही, पण दाबाचा विचार करा. टँक 20 सेंमी खोल. काठोकाठ भरला तरी तळाशी दाब येतो 0.02 बार, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. ग्रोमेटला धोका दाबाचा नाही, हादऱ्यांचा आहे. पाइप लोंबता राहिला की प्रत्येक खड्ड्याला तो रबरात हलणार आणि भोक एका बाजूने ढिलं करणार. म्हणून ग्रोमेटपासून वीतभर अंतरावर चासीला क्लॅम्प, व्हॉल्व्हच्या पलीकडे दुसरा क्लॅम्प, आणि या दोन्हींच्या मध्ये पट्ट्यांनी आवळायचं लवचिक रबरी कपलिंग. टँक आपल्या जागी हलेल, पाइप आपल्या जागी.

दीड इंची पाइपचा बाहेरचा व्यास 48 मिमी असतो आणि त्याच्या ग्रोमेटला अडीच इंची होल सॉ (गोल भोक पाडणारी करवत) लागते, म्हणजे 64 मिमीचं भोक. इथे उंचीचा दुसरा हिशेब सुरू होतो, आणि माझ्या मते या सगळ्या कामात खरा विचार इथेच आहे. टँकच्या तळाचा कोपरा गोलाई घेतलेला असतो आणि ग्रोमेटला सपाट भिंत लागते. त्यामुळे भोकाची खालची कड तळापासून किमान 10 मिमी वर ठेवावी लागली. त्यावर रबराची जाडी 8 मिमी. त्यावर पाइपची भिंत 4 मिमी. म्हणजे पाणी पाइपात शिरतं ते तळापासून 22 मिमीवर. टँकचा तळ मीटरभर लांब आणि अर्धा मीटर रुंद. 22 मिमीचा थर म्हणजे 11 लिटर. टँक रिकामा केला असं म्हणायचं आणि 11 किलो खरकटं पाणी बरोबर घेऊन हिंडायचं, तेही वास मारणारं. बाजूच्या आउटलेटला नावं ठेवणारे याच कारणाने ठेवतात, आणि त्यांचं चुकत नाही.

उपाय: टँकच तिरका टांगला. मागची लोखंडी पट्टी 22 मिमी खाली घेतली, पुढची होती तशीच ठेवली. आता तळाशी उरणारं पाणी सपाट थर न राहता मागच्या बाजूला पाचरीसारखं साठतं आणि पाचर म्हणजे निम्मं: साडेपाच लिटर. पुढची पायरी फुकटची आहे. रिकामं करताना हिचचा (ट्रेलर गाडीला जोडतो त्या पुढच्या टोकाचा) जॅक फिरवून ट्रेलरचं नाक 10 सेंमी उचलायचं. हिचपासून अ‍ॅक्सल तीन मीटरवर आहे, म्हणजे आणखी सव्वातीन टक्के ढाळ मिळाला. दोन्ही ढाळ मिळून पाचर 40 सेंमी लांबीची उरते आणि पाणी उरतं दोन लिटरच्या आसपास. बादलीने मोजून पाहिलं, हिशेबाशी जुळतं. रस्त्यावर चालताना जी उंची हवी ती चालताना वापरायची, आणि ढाळ हवा तेव्हा जॅककडून उसना घ्यायचा.

भोक पाडताना ड्रिल सावकाश चालवा. पॉलिइथिलीन कापलं जाण्याऐवजी वितळायला लागलं की कडेला केसाळ कीस उठतो आणि तो रबराखाली राहिला तर तिथूनच पाझर लागतो. धारदार ब्लेडने कड साफ केली, बोट फिरवून पाहिलं, मग पॉलिश पेपर. पाइपचं तोंड कानशीने तिरकं केलं नाही तर ते ग्रोमेटला आत ढकलून टँकमध्ये पाडतं. भांड्याच्या साबणाचे चार थेंब, पाइप थोडा फिरवत रेटा. खालून, पाठीवर झोपून, गुडघ्याने टेकू देत. अंगात आहे तेवढा जोर लागतो.

जुनी लाइन काळ्या एबीएस प्लास्टिकची. ती ठेवायची असेल तर एबीएसला एबीएसचंच सिमेंट, पीव्हीसीला पीव्हीसीचं. दोन्ही एकमेकांना जोडायचे तिथे मी चिकटवण्याच्या फंदात न पडता रबरी कपलिंगच वापरलं. एक गोष्ट नव्याने हे काम करणाऱ्याला हमखास चकवते. फिटिंगचं सॉकेट (पाइप ज्यात शिरतो ते तोंड) आतल्या बाजूला निमुळतं होत जातं, त्यामुळे सुकी जुळवणी करताना पाइप पूर्ण खोलवर जात नाही, मध्येच अडतो. सिमेंट लावलं की दोन्ही पृष्ठभाग मऊ होतात आणि तोच पाइप तळापर्यंत जातो. सुक्या जुळवणीवर लांबी मापलीत तर चिकटवल्यावर सगळी लाइन आखूड होते आणि व्हॉल्व्हचं तोंड झालरीच्या (ट्रेलरच्या कडेला खाली येणाऱ्या पट्टीच्या) आत राहतं. म्हणून सॉकेटची खोली वेगळी मोजून पाइपावर पेन्सिलने खूण करायची, आणि फिटिंग-पाइप दोन्हींवर मिळून, जोड ओलांडणारी, लांबीच्या दिशेने एक रेघ, म्हणजे पाव वळसा देऊन बसवताना कोन चुकत नाही. बसवल्यावर अर्धा मिनिट दाबून धरा, कारण निमुळतं सॉकेट पाइपला मागे ढकलतं. ट्रेलरखाली सिमेंटची वाफ कोंडते, तेव्हा हवा खेळती ठेवा आणि जवळ ज्योत नको.

ब्लॅकच्या लाइनबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. ग्रेला येऊन मिळायचं बंधन गेल्यावर तिचं तोंड वर घेता आलं, व्हॉल्व्हचे रबर बदलले, झालं. 27 सेंमीचा आकडा तिचाच आहे. ग्रेचा व्हॉल्व्ह त्याहूनही वर आहे.

एवढं करूनही पहिल्या चाचणीत ग्रे टँक डचमळत, गुळगुळ आवाज करत रिकामा होत होता, आणि शॉवरच्या ट्रॅपमधलं (वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या पाइपच्या वळणातलं) पाणी ओढलं जात होतं. पाइप बरोबर होता, ढाळ बरोबर होता. अडचण हवेची. छतातून येणारा व्हेंट (हवेचा) पाइप टँकच्या वरच्या बाजूला रबरातून नुसता खुपसलेला असतो. माझ्या ट्रेलरमध्ये तो वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी घसरून चांगला पाच सेंमी आत उतरला होता. टँकमधलं पाणी त्या तोंडापर्यंत चढलं की व्हेंट बुडतो आणि वरची हवा कोंडते. मग टँक भरताना ती हवा शॉवरच्या जाळीतून ढेकर देत बाहेर येते, आणि सोडताना आत यायला दुसरी वाट नसल्यामुळे ट्रॅपमधून ओढली जाते. पाइप वर ओढून टँकच्या छताशी सपाट आणला आणि रबराच्या वर एक होज क्लिप आवळली, म्हणजे पुन्हा खाली सरकायला जागाच नाही. कोणाच्या ट्रेलरमध्ये टँक निम्म्यावर असताना वास नाही आणि भरत आला की सुटतो, असं होत असेल तर आधी हा पाइप पाहावा. टँकमध्ये टाकायच्या औषधांच्या बाटल्या नंतर.

शॉवरखालचा पाण्याचा ट्रॅप मी त्या चाचणीनंतर ठेवलेलाच नाही. त्याला खोली लागते आणि शॉवरचा तळ टँकच्या छताच्या जेमतेम वर आहे; शिवाय गाडी वळणावर गेली की ट्रॅपमधलं पाणी सांडतं आणि वासाला वाट मोकळी होते. त्याऐवजी आडवा बसणारा, आत सिलिकॉनची चपटी नळी असलेला बिनपाण्याचा व्हॉल्व्ह टाकला. पाणी आलं की नळी उघडते, थांबलं की मिटते. केस अडकतात, म्हणून जाळी बारीक लावली. सिंकखाली कपाटात जागा आहे, तिथला जुना ट्रॅप राहू दिला.

गळतीची चाचणी स्वच्छ पाण्यानेच. टँक भरला, प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू पेपर गुंडाळून रात्रभर ठेवला. सकाळी सगळे कोरडे. मग अर्धा टँक भरून खडबडीत रस्त्यावर फेरी मारली आणि पुन्हा पेपर पाहिले. भरलेला टँक उभ्या गाडीत आणि अर्धा टँक चालत्या गाडीत, कारण अर्ध्या टँकमधलं पाणीच भिंतींवर आदळतं. क्लॅम्पचे नट एकदा आवळावे लागले, ग्रोमेट जागचा हलला नाही.

राहिलंय ते दोन ठिकाणी. लेव्हल दाखवणारे आतले खिळे साबण आणि तेलकट थराने माखून कायम भरलेलं दाखवतात. बाहेरून चिकटवायच्या सेन्सर पट्ट्या आणल्या आहेत, पण तिरक्या टँकवर त्या कुठल्या टोकाला लावायच्या हे ठरवायचंय. मागे लावल्या तर लवकर भरलेलं दाखवतील, पुढे लावल्या तर उशिरा. मधोमध लावणार असं सध्या तरी मनात आहे. दुसरं म्हणजे ग्रेच्या व्हॉल्व्हची मूठ. झालरीच्या आत 15 सेंमीवर राहिली आहे, हात वाकडा करून ओढावी लागते. केबल लावता येईल, पण वळण जास्त झालं की केबल जड जाते आणि गंजली की अडकते. इथे अंतर कमी आणि रेषा सरळ आहे, तेव्हा स्टीलची सळई जोडून मूठ बाहेर काढतो.