प्रतिनिधित्वावरचा सेमिनार: शब्द कुठे निसटतो, मोजमाप कुठे फसतं

राजकीय प्रतिनिधित्वावरच्या सेमिनारमध्ये वाद चटकन रंगतो, आणि बऱ्याचदा तासाभराने लक्षात येतं की प्रत्येक जण वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलत होता. एक जण म्हणतो, ‘त्या रीतसर निवडून आल्यात, म्हणजे त्या प्रतिनिधी आहेत.’ दुसरी म्हणते, ‘पण आमच्यातलं कोणीच तिथे नाही.’ तिसऱ्याचं म्हणणं, ‘कुठलेही असोत, कामं आमच्या हिताची करतात ना?’ चौथ्याला वाटतं की खरा प्रश्न लोक त्या सभागृहाला आपलं मानतात का, हा आहे. चौघांचंही बरोबर असू शकतं. फक्त ते एकमेकांना उत्तर देत नसतात.

राज्यशास्त्रज्ञ हॅना पिटकिन यांनी १९६७ साली हे अर्थ वेगळे करून मांडले, म्हणून बहुतेक अभ्यासक्रम त्यांच्यापासून सुरू होतात. औपचारिक (रीतसर निवड), वर्णनात्मक (आपल्यातलं कोणी तिथे असणं), प्रतीकात्मक (लोकांनी आपलं मानणं) आणि सारभूत (हिताची कामं करणं) ही नावं विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात पाठ करतात, आणि तिथेच गडबड होते. ही प्रतिनिधींची चार जातींत केलेली वाटणी नव्हे. एकाच आमदाराला चारही कसोट्या लावता येतात, आणि तो एकीत उतरून दुसरीत नापास होऊ शकतो. औपचारिक अर्थालाही दोन टोकं आहेत: आधी अधिकार मिळणं आणि नंतर जाब द्यावा लागणं. इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जने १६५१ मध्ये फक्त पहिलं टोक धरलं. सगळ्यांनी मिळून सार्वभौमाला अधिकार दिला की त्याची प्रत्येक कृती सगळ्यांची ठरते, आणि जाब विचारायची सोयच उरत नाही. ‘निवडून आले म्हणजे प्रतिनिधी’ एवढ्यावर थांबणारा युक्तिवाद याच वाटेने जातो. चर्चेत हे वाक्य आलं की हॉब्ज समोर ठेवावा.

एक सवय पहिल्यापासून लावावी. वहीत ‘प्रतिनिधित्व’ हा शब्द लिहिला की शेजारी चार उत्तरं लिहायची: कोण, कोणाचं, कोणत्या बाबतीत आणि कशावरून ठरवायचं. चौथं उत्तर सुचत नसेल तर ते विधान अजून तपासण्याजोगं झालेलं नाही.

मूळ मजकूर वाचताना सगळ्यात जास्त अन्याय अठराव्या शतकातला ब्रिटिश खासदार एडमंड बर्क याच्यावर होतो. ३ नोव्हेंबर १७७४ चं त्याचं ब्रिस्टलमधलं भाषण छोटं आहे, पण वर्गात येतो तो त्यातला एकच उतारा, आणि निष्कर्ष ठरलेला: बर्क म्हणतो, प्रतिनिधीने मतदारांचं ऐकू नये. पूर्ण परिच्छेद वाचला तर क्रम वेगळा दिसतो. आधी तो म्हणतो की प्रतिनिधीने मतदारांशी जवळचा संबंध ठेवावा, त्यांच्या इच्छेला मोठं वजन द्यावं, त्यांच्यासाठी स्वतःची विश्रांती आणि सुखही सोडावं. त्यानंतर रेषा येते: स्वतःचा विवेक मात्र सोडू नये. कारणही तो देतो. संसदेत आधी चर्चा आणि मग निर्णय होतो. चर्चा न ऐकलेल्या, शेकडो मैल दूर असलेल्या लोकांनी निर्णय आधीच बांधून दिला तर चर्चेला अर्थ राहत नाही. त्याच्यासोबत निवडून आलेल्या हेन्री क्रूगरने मतदारांच्या आज्ञा बंधनकारक मानण्याच्या बाजूने मत मांडलं होतं, म्हणून हा मुद्दा तिथे निघाला. पुढचा भाग तर क्वचितच वाचला जातो. आयर्लंडशी व्यापार आणि कॅथलिकांना सवलती या प्रश्नांवर बर्क मतदारांच्या विरोधात गेला, १७८० मध्ये पराभव दिसू लागल्यावर त्याने ब्रिस्टलमधून माघार घेतली आणि मॉल्टनमधून संसदेत परतला. मॉल्टनची जागा बर्कचा आश्रयदाता लॉर्ड रॉकिंगहॅम याच्या हातातली होती. तेव्हा बर्कच्या विवेकाला जागा कुणी दिली, हा प्रश्न त्याच्या तत्त्वाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि टिपण लिहायला माझ्या मते तोच जास्त चांगला.

वर्णनात्मक प्रतिनिधित्वाच्या आठवड्यात अ‍ॅन फिलिप्स यांचं १९९५ चं लेखन ठरलेलं असतं. विचारांचं राजकारण (कोणती मतं मांडली जातात) आणि उपस्थितीचं राजकारण (मांडणारे कोण आहेत) हा त्यांचा भेद. त्याच्या शेजारी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची २७ जानेवारी १९१९ ची मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढची साक्ष ठेवावीच. मतांचं प्रतिनिधित्व पुरेसं नाही, माणसांचंही हवं, हा मुद्दा तिथे ७६ वर्षं आधी स्वच्छ मांडलेला आहे. शिवाय मताधिकार आणि मतदारसंघांच्या रचनेच्या बारीक हिशेबासकट मांडलेला आहे. हा मजकूर ‘भारतीय उदाहरण’ म्हणून शेवटच्या आठवड्यात ढकलला जातो, ते चूक आहे. तो सिद्धांताचा मजकूर आहे, सिद्धांताच्या आठवड्यातच वाचायला हवा.

नुसत्या टक्केवारीवर थांबणं हा याच आठवड्यातला धोका. २००८ मध्ये रवांडाच्या कनिष्ठ सभागृहात स्त्रिया निम्म्याहून जास्त झाल्या, जगात पहिल्यांदाच. ही नोंद मोठी आहे, पण लगेच पुढचा प्रश्न विचारावा लागतो: त्या सभागृहाचं सरकारपुढे किती चालतं?

उपस्थितीने निर्णय बदलतात का, यावर सेमिनारमध्ये वाचायलाच हवा असा अभ्यास म्हणजे राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्तेर दुफ्लो यांचा २००४ चा लेख. पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या २६५ ग्रामपंचायती. प्रमुखपद स्त्रियांसाठी राखीव कुठे होणार हे यादृच्छिक पद्धतीने ठरलं होतं, म्हणून राखीव आणि अराखीव गावं तुलनेला सारखी होती. नाहीतर ‘जिथे स्त्रिया निवडून येतात ती गावं मुळातच वेगळी असतील’ ही शंका कायम राहिली असती. स्त्रियांना आणि पुरुषांना काय हवं, हे त्यांनी गृहीत धरलं नाही. पंचायतीकडे कोणी कोणत्या तक्रारी आणि मागण्या नेल्या यावरून ते काढलं. बंगालमध्ये स्त्रियांच्या मागण्या पाणी आणि रस्त्यांच्या, राजस्थानात स्त्रियांचा जोर पाण्यावर आणि पुरुषांचा रस्त्यांवर. राखीव पंचायतींत खर्चही तसाच वळला: बंगालमध्ये रस्ते वाढले, राजस्थानात कमी झाले. हे उलटं दिसणारं चित्रच लेखाची ताकद आहे, कारण ‘स्त्रियांना रस्ते नको असतात’ असा सरसकट निष्कर्ष तिथेच कोसळतो.

हा लेख वाचून जेन मॅन्सब्रिज यांच्या २००३ च्या मांडणीकडे यावं, म्हणजे ती कोरडी वाटत नाही. त्या प्रतिनिधीचे चार प्रकार सांगतात: दिलेलं वचन पाळणारा, पुढच्या निवडणुकीत लोकांना काय पटेल याचा अंदाज घेऊन वागणारा, स्वतःच्याच आतल्या दिशेने चालणारा, आणि मतदारसंघाबाहेरच्या लोकांसाठी बोलणारा. आरक्षण फिरतं, त्यामुळे राखीव जागेवरच्या प्रमुखाला तीच जागा पुन्हा मिळण्याची शक्यता कमी. म्हणजे पुढच्या निवडणुकीची ओढ किंवा धाक दुबळा. तरी निर्णय बदलले, याचा अर्थ तिसऱ्या प्रकाराचं स्पष्टीकरण इथे जास्त लागू पडतं. हा दुवा विद्यार्थ्यांनी स्वतः जोडला तर आठवडा सार्थकी लागतो. चौथ्या प्रकारासाठी ब्रिटनची २०२४ ची निवडणूक घ्यावी: रिफॉर्म यूके पक्षाला १४.३ टक्के मतं आणि ६५० पैकी ५ जागा, लेबर पक्षाला ३३.७ टक्के मतं आणि ४११ जागा. बाकीच्या मतदारसंघांतल्या रिफॉर्मच्या मतदारांसाठी कोण बोलतं, आणि त्या पाच जणांना जाब कोणी विचारायचा?

मोजमापाच्या आठवड्यात एक सापळा हमखास असतो. समजा पाच मतदारसंघांतलं सरासरी मत १, २, ३, ४, ५ आहे आणि त्यांच्या प्रतिनिधींची भूमिका अनुक्रमे ४, ५, ६, ७, ८. सहसंबंध, म्हणजे दोन मालिका किती जोडीने चालतात याचं माप, येतो पूर्ण १, आणि विद्यार्थी लिहितो ‘प्रतिनिधित्व उत्तम’. प्रत्यक्षात प्रत्येक प्रतिनिधी आपल्या लोकांपासून तीन घरं लांब आहे. सहसंबंध फक्त क्रम आणि चाल सांगतो, अंतर सांगत नाही. म्हणून दोन्ही आकडे द्यावेत. अमेरिकी मतदारांची मतं आणि त्यांच्या प्रतिनिधींच्या भूमिका ताडून पाहणाऱ्या मिलर आणि स्टोक्स यांच्या १९६३ च्या प्रसिद्ध लेखावरही याच अंगाने टीका झाली, शिवाय त्यांच्या नमुन्यात एकेका मतदारसंघातून फारच थोडी माणसं होती.

सत्राच्या शेवटच्या निबंधासाठी सभागृहात विचारलेले प्रश्न मोजणं हा मार्ग बरेच जण धरतात, कारण नोंदी सहज मिळतात. तो धरायला हरकत नाही, पण शब्द शोधून मोजू नका. ‘महिला’ शब्द असलेला प्रश्न एखाद्या इमारतीच्या रखडलेल्या बांधकामाबद्दल असू शकतो, आणि नळाच्या पाण्याच्या प्रश्नात तो शब्द येणारही नाही. आधी एक पानाची संकेतपुस्तिका लिहा: काय धरायचं, काय वगळायचं, प्रत्येकाचं एक उदाहरण. मग दोघांनी तेच ५० प्रश्न एकमेकांना न दाखवता त्या पुस्तिकेप्रमाणे गटांत टाकायचे. दहाहून जास्त ठिकाणी मतभेद असेल तर पुस्तिका सुधारून नवे ५० घ्यायचे. जुनेच पुन्हा घेतले तर उत्तरं आठवणीतून येतात. नुसती संख्या देऊ नका, त्या सदस्याच्या एकूण प्रश्नांतलं प्रमाण द्या. प्रश्न सोडतीने निवडले जात असतील तर पटलावर आलेले प्रश्न म्हणजे विचारलेले सगळे प्रश्न नव्हेत, हे निबंधाच्या सुरुवातीलाच लिहून टाका.

साप्ताहिक टिपणाला पाचशे शब्द पुरतात. त्यात सारांश दोन वाक्यांपलीकडे जाऊ नये, बाकी सगळ्यांनीही तेच वाचलेलं असतं. लेखातलं एकच विधान उचला, त्याचा सगळ्यात भक्कम आधार सांगा, मग तो कुठे अपुरा पडतो ते पानाच्या क्रमांकासह दाखवा. शेवटी चर्चेसाठी प्रश्न द्यायचा तर असा द्या, ज्यावर मजकूर उघडावाच लागेल. ‘लोकशाही धोक्यात आहे का?’ यावर कोणीही न वाचता वीस मिनिटं बोलू शकतं. ‘मतदारांची इच्छा आणि मतदारांचं हित यांत बर्क कुठे फरक करतो, आणि ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांना तो का पटला नसता?’ असं विचारलं की सगळ्यांचे हात आधी पानांकडे जातात.